ताईने मागवून ठेवलेलं पुस्तक

ताईला जाऊन ५१ दिवस झाले होते, तेव्हा तिच्या फोनवर वाचनालयाचा मेसेज आला. ‘आपण मागणी नोंदवलेले पुस्तक उपलब्ध झाले आहे. सात दिवसांच्या आत घेऊन जावे.’ खाली एका कादंबरीचं नाव आणि ताईचा सभासद क्रमांक.

फोन माझ्याकडे होता. भावोजींना तो घरात ठेववत नव्हता आणि बंदही करवत नव्हता, म्हणून त्यांनी तो माझ्या हातात दिला होता. मी रोज रात्री तो चार्जिंगला लावायचो. माझा स्वतःचा फोन कित्येकदा तसाच राहायचा, पण तिचा लावायचो.

मेसेज वाचून मी होतो तिथेच खाली बसलो. मग मागणी कधी नोंदवली ते शोधून काढलं. ती गेली त्याच्या नऊ दिवस आधी. म्हणजे नऊ दिवस आधी माझ्या बहिणीला एक कादंबरी वाचायची होती. ती दुसऱ्या कुणाकडे गेलेली होती, परत यायला वेळ लागणार होता, आणि ताई थांबायला तयार होती.

ताईने आत्महत्या केली. हे वाक्य असं सरळ लिहायला मला दीड वर्ष लागलं. ती ४१ वर्षांची होती, मी ३५. तिला नैराश्याचा आजार होता, त्यावर औषधं चालू होती, मध्ये काही महिने बरी वाटत होती. कसं आणि कुठे झालं ते मी लिहिणार नाही. एक तर तो तिचा खासगी क्षण आहे. दुसरं म्हणजे, तसं वर्णन आधीच खचलेल्या माणसाला आणखी खोलात ढकलू शकतं. १७७४ मध्ये जर्मन लेखक गटेची ‘वेर्थर’ ही कादंबरी आली, तेव्हा तिच्या नायकासारखं तरुण मरण पत्करतील या भीतीने काही ठिकाणी तिच्यावर बंदी घातली गेली होती. पुढे दोनशे वर्षांनी, १९७४ मध्ये, डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने आत्महत्येच्या ठळक बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात असं आकड्यांनिशी दाखवलं आणि त्या परिणामाला त्या कादंबरीचंच नाव दिलं. पुस्तकांनी मला सावरलं हे मी सांगणार आहे, तेव्हा शब्दांत तेवढीच दुसरी ताकदही असते हे विसरून चालणार नाही. आणि हे वाचताना तुमच्याच मनात स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील, तर पुढे वाचू नका. आत्ता, याच घडीला, जवळच्या एका माणसाला किंवा हेल्पलाइनला फोन लावा आणि ते शब्द उच्चारा. ताईने ते माझ्यापाशी उच्चारले असते तर, हा विचार मी रोज करतो.

सुरुवातीला मला वाचताच येत नव्हतं. आयुष्यभर वाचणारा माणूस मी, पण एक परिच्छेद संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरायचो. डोळे ओळीवरून सरकायचे आणि आत काही पोचायचं नाही. वर्तमानपत्रही नको वाटायचं. एका रात्री झोप नव्हती म्हणून कपाटातला जाडजूड शब्दकोश खाली काढला, आणि तो वाचता आला! आज विचार केला की कळतं का ते. शब्दकोशात प्रत्येक नोंद दोन-तीन ओळींची. मागचं लक्षात ठेवावं लागत नाही, पुढे काय होणार याची धास्ती नाही. कुणी मरत नाही. मी ‘क’पासून सुरुवात केली आणि जवळजवळ तीन आठवडे रात्री नुसता शब्दकोश वाचत होतो. ‘कळ’, ‘कळकळ’, ‘कळवळा’, ‘कळस’. एका घरातली माणसं दूर दूर पांगतात तसे हे शब्द एकाच धातूपासून पांगलेले, की मुळातच वेगळ्या घरांतले, याचा विचार करत पडायचो. तेवढा वेळ ताईचा विचार नसायचा.

नंतर मी मुद्दाम ते शब्द काढले. आत्महत्या. या शब्दात ‘हत्या’ आहे, म्हणजे कुणीतरी गुन्हेगार आहे आणि कुणीतरी बळी, आणि दोघं एकच. ताईला मी गुन्हेगार म्हणू शकत नाही. ‘आत्मघात’ त्याहून कठोर. मग आपली साधी बोलण्यातली भाषा, ‘तिने जीव दिला’. पहिल्यांदा हे शेजारच्या काकूंच्या तोंडून ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. शब्दकोश मांडीवर घेऊन बसलो असताना मात्र तोच शब्दप्रयोग मला सर्वात माणुसकीचा वाटला. एरवी आपण ‘तिने पोरीसाठी जीव दिला असता’ असंही म्हणतो. दिला, घेतला नाही. कुणाला दिला, कशाच्या बदल्यात, ते वाक्यात नाहीच. भाषेनेही तो प्रश्न उघडा ठेवलाय.

माणसं येत होती, चांगल्या मनाने येत होती. पण जो तो काहीतरी विचारायचा. चिठ्ठी होती का? घरात काही झालं होतं का? तुम्हाला जरासुद्धा कल्पना नव्हती? हा शेवटचा प्रश्न आईला एका बाईंनी माझ्यासमोर विचारला. आईने काहीच उत्तर दिलं नाही, नुसती पदराची कड दुमडत बसली. त्या दिवसापासून मला बसायला पुस्तकाशेजारी बरं वाटू लागलं. पुस्तक तुम्हाला काही विचारत नाही. मिटलं तर मिटून राहतं, रुसत नाही, आणि चार महिन्यांनी उघडलं तरी तिथेच थांबलेलं असतं.

आता ताईच्या एका सवयीबद्दल सांगायला हवं, कारण माझं सगळं त्याच्याभोवती फिरतं. ताई पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची. प्रत्येक पुस्तकाचं. रहस्यकथासुद्धा! लहानपणी मी यावरून तिच्याशी कडाकडा भांडलोय. ती उलट मलाच समजवायची, “अरे, शेवट कळला की मग निवांत वाचता येतं. नाहीतर सारखं पुढे काय, पुढे काय. आजूबाजूचं काही दिसतच नाही.” मला ते पटायचं नाही. पुस्तक हाती आलं की मी शेवटची पानं अंगठ्याने दाबून धरायचो, चुकूनसुद्धा नजर जाऊ नये म्हणून.

ती गेल्यावर मी नेमकं तेच करत होतो जे ती करायची, फक्त तिला त्यातून निवांतपणा मिळायचा आणि मला ठार वेड लागायची पाळी आली होती. शेवटचं पान मला कळलं होतं आणि मागची सगळी पानं त्याच्या उजेडात दिसत होती. दोन वर्षांपूर्वी ती माझ्याकडे राहायला आली असताना पहाटे खिडकीत उभी होती. तेव्हा मी विचारलं होतं, “झोप नाही लागली का?” ती म्हणाली होती, “नाही रे, पाऊस बघतेय.” आता त्या खिडकीतल्या पाठमोऱ्या ताईकडे मी शंभरदा परत गेलो. पाऊस बघत होती की आणखी काही? तिने तिचा जुना पेन मला दिला तो सहज की निरोप म्हणून? दहावीच्या सुट्टीत ती आठवडाभर खोलीबाहेर आली नव्हती, तिथूनच सुरुवात होती का? एकेक आठवण मी उलटीपालटी करून तपासत होतो, झडती घ्यावी तशी. चांगल्या आठवणी तर जास्तच संशयित. हसली होती म्हणजे लपवत होती.

अशा दिवसांत मी ब्रिटिश लेखक सी. एस. लुईस यांचं ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्हड’ उचललं ते केवळ बारीक पुस्तक होतं म्हणून. १९६० मध्ये त्यांची बायको कर्करोगाने गेली, त्यानंतर त्यांनी घरात सापडलेल्या कोऱ्या वह्यांत हे लिहिलं आणि १९६१ मध्ये टोपणनावाने छापलं. लुईस श्रद्धाळू ख्रिस्ती, मी देवाशी कधीच फारसं न बोललेला. तरी एक गोष्ट थेट भिडली: एवढा मोठा लेखक स्वतःच्या दुःखात अडखळतो, आज लिहिलेलं उद्या खोडतो, देवावर चिडतो आणि पुढच्या वहीत त्या चिडण्याकडेच शंकेने बघतो. चौथी वही घरातली शेवटची कोरी वही होती. ती संपली की थांबायचं, यासाठी म्हणून आणखी वह्या विकत आणायच्या नाहीत, असं ते ठरवतात. मला ते फार आवडलं. दुःख संपलं म्हणून नव्हे, वही संपली म्हणून थांबायचं. मीही एक वही केली. माझी अजून संपलेली नाही.

पण लुईसचं दुःख आणि माझं दुःख यांत एक भिंत होती. त्यांच्या बायकोला जगायचं होतं. माझ्या बहिणीला नव्हतं, असं मी तेव्हा म्हणत होतो. ज्याच्या माणसाने स्वतः जीव दिला त्याच्या शोकात राग मिसळलेला असतो, लाज असते आणि एक फार खोलवरचा अपमान असतो की आपण पुरेसे नव्हतो. कर्करोगावर कुणी रागावू शकतं. मी कुणावर रागावू? या जागी मला सर्वसाधारण शोकाची पुस्तकं उपयोगाची नव्हती. काही तर मी अर्ध्यात टाकून दिली. जे होतं ते भल्यासाठीच होतं असं सांगणारं एक पुस्तक कुणीतरी प्रेमाने भेट दिलं होतं, त्याची २० पानंही सहन झाली नाहीत. फ्रेंच लेखक कामूचं १९४२ मधलं ‘द मिथ ऑफ सिसिफस’ मी कॉलेजात अधाशासारखं वाचलं होतं. आत्महत्या हाच तत्त्वज्ञानाचा खरा गंभीर प्रश्न आहे असं ते सुरुवातीलाच मांडतं. तेव्हा मला ते केवढं थोर वाटलं होतं! आता पुन्हा उघडलं आणि वाटलं, ताई कुठला प्रश्न सोडवत नव्हती. जगणं अर्थपूर्ण आहे की नाही यावर तिचं मत बनलेलं नव्हतं. तिला दुखत होतं.

हे ‘दुखत होतं’ मला ज्यांनी दाखवलं ते एडविन श्नाइडमन. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, आत्महत्येच्या अभ्यासाला शास्त्राचं रूप देणाऱ्यांपैकी एक. १९४९ मध्ये त्यांच्यावर दोन विधवांना पत्रं लिहायचं काम आलं होतं, दोघींच्या नवऱ्यांनी आत्महत्या केली होती. त्या निमित्ताने ते लॉस एंजेलिसच्या सरकारी दफ्तरात गेले आणि तिथे त्यांना अशा माणसांनी मागे ठेवलेल्या शेकडो चिठ्ठ्या सापडल्या. त्यांचं पुढचं सगळं आयुष्य त्यातच गेलं. नव्वदीच्या दशकात त्यांनी एक शब्द घडवला, सायकेक. मनाची असह्य वेदना. त्यासाठी मराठी शब्द शोधत असताना मला शब्दकोशातला माझा तो ‘क’ आठवला. कळ. दाढेची कळ येते, पोटात कळ येते, तशी मनाची कळ. ती चालू असताना माणसाला दुसरं काही दिसत नाही. दाढ ठणकत असताना पोरीचा वाढदिवस कोणत्या महिन्यात आहे हे आठवत नाही, म्हणजे पोरीवर प्रेम नाही असं नसतं. आईला मी हे असंच सांगितलं. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “कळ येत होती होय गं तुला.” फोटोकडे बघून, ताईशीच बोलली. इतक्या महिन्यांत आई पहिल्यांदाच तिच्याशी बोलली होती.

श्नाइडमननी आणखी दोन गोष्टी लिहिल्या ज्यांचा मला आधार झाला. चिठ्ठ्यांवर वर्षानुवर्षं काम करून त्यांनी कबूल केलं की आपण ज्याच्या शोधात असतो ते चिठ्ठीत बहुधा नसतंच. ताईने चिठ्ठी ठेवली नव्हती. ती असती तर सगळं कळलं असतं, हा माझ्या डोक्यातला खिळा तिथे जरा सैल झाला. आणि दुसरी गोष्ट, अशा माणसाच्या मनात दोन्ही असतं. मरायचंही असतं आणि कुणीतरी वाचवावं असंही असतं, एकाच वेळी, दोन्ही खरं. केय रेडफील्ड जेमिसन यांचं १९९९ मधलं ‘नाइट फॉल्स फास्ट’ वाचताना हेच पुन्हा समोर आलं. जेमिसन स्वतः बायपोलर, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणाऱ्या आजाराच्या तज्ज्ञ आणि स्वतःच त्याच्या रुग्ण, तरुणपणी त्यांनीही मरणाचा प्रयत्न केलेला. चाळिशीच्या आतल्या माणसांच्या आत्महत्या हा त्या पुस्तकाचा विषय. मेंदूतल्या बदलांबद्दल, आनुवंशिकतेबद्दल, औषधांबद्दल त्या स्वच्छ शास्त्रीय भाषेत लिहितात आणि मध्येच एखाद्या माणसाची गोष्ट येते, तेव्हा त्यांचा आवाज बदलतो. हे पुस्तक मी एका बैठकीत चार-पाच पानांपेक्षा जास्त वाचू शकलो नाही. दिवसा वाचायचं, रात्री नाही, असा नियम केला होता. संपायला पाच महिने लागले. पण त्यानंतर मी ‘तिला जगायचं नव्हतं’ असं म्हणणं सोडलं. नऊ दिवस आधी कादंबरीला नंबर लावणारी ताई खोटी नव्हती, आणि नऊ दिवसांनंतरची ताईही खोटी नव्हती.

मेसेज आल्यावर सातव्या दिवशी मी वाचनालयात गेलो होतो. काउंटरवरच्या मॅडम ताईला नावाने ओळखत होत्या. माझ्या हातातलं कार्ड बघून म्हणाल्या, “बऱ्या आहेत ना? खूप दिवसांत दिसल्या नाहीत.” मी “हो” म्हणालो. पुस्तक घेतलं, बाहेर आलो आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून रडलो. तीन आठवडे ते पुस्तक माझ्या टेबलावर होतं. पहिलं पानही उघडलं नाही. मुदत वाढवून घेतली, तरी उघडलं नाही. पुढे आणखी कुणीतरी नंबर लावला आहे असं कळलं, तेव्हा परत करायला गेलो आणि या वेळी खरं सांगितलं. “ती गेली. तेव्हाच गेली होती. मी खोटं बोललो तुमच्याशी.” आणि मग तो शब्दही सांगितला. मॅडमनी कसं, का, काहीच विचारलं नाही. त्या उठून आत गेल्या. दहा मिनिटांनी आल्या तेव्हा हातात छापलेले कागद होते. ११ वर्षांत ताईने नेलेल्या सगळ्या पुस्तकांची यादी, तारखांसकट. ३८७ पुस्तकं.

पूर्वी असं धरून चालायचे की एका आत्महत्येमागे जवळची साधारण सहा माणसं होरपळतात. श्नाइडमननीच तो आकडा अंदाजाने मांडला होता. २०१८ मध्ये जूली सेरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहणी करून दाखवलं की एका मरणाचा धक्का ओळखीच्या सुमारे १३५ माणसांपर्यंत पोचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये जगभरात ७ लाख २७ हजार माणसं अशी गेली. याचा गुणाकार मी एकदा करून बघितला आणि कागद फाडून टाकला. मला १३५ हा आकडा कळायला काउंटरवरच्या त्या मॅडमचा चेहरा पुरेसा होता.

ती यादी मला मिळालेलं सर्वात मोठं पुस्तक आहे. कितीतरी रात्री मी फक्त तीच वाचली. पहिल्या वर्षी ताईने लागोपाठ नऊ प्रवासवर्णनं नेली आहेत, कुठेही न जाता. भाची पोटात असताना बाळांच्या संगोपनावरची चार पुस्तकं आणि त्यांच्या मध्येच एक भयकथांचा संग्रह. एक कवितासंग्रह तिने सात वेळा नेला आहे. सात वेळा! विकत का नाही घेतलास, ताई, असं मी मोठ्याने विचारलं. या ११ वर्षांत एका बाईची हौस आहे, उत्सुकता आहे, कंटाळा आहे, एखाद्या लेखकावर जीव जडून मग तो उतरणं आहे. हे सगळं तिने जगलेलं आहे. शेवटच्या पानाने ते रद्द होत नाही.

शेवटचे सात महिने मात्र यादी थांबते. फक्त दोन पुस्तकं, तीही नेल्याच्या दोन-तीन दिवसांत परत केलेली. आधी वाटलं, वेळ नसेल. मग लक्षात आलं. नैराश्यात एकाग्रता जाते हे त्या आजाराच्या ठळक लक्षणांपैकी एक. तिला वाचताच येत नव्हतं. परिच्छेद संपेपर्यंत सुरुवात विसरत होती. मला शब्दकोशापर्यंत जे पोचवून गेलं ते तिला सात महिने होत होतं, आणि तिने ते कुणाला सांगितलं नाही. किंवा मला म्हणाली होती एकदा फोनवर, “हल्ली वाचन होत नाही रे.” मी म्हणालो होतो, “माझंही कुठे होतंय.” हे वाक्य मला आयुष्यभर पुरेल. त्यावर कुठल्या पुस्तकात औषध नाही, मी शोधलं. पण तेव्हा मला जेवढं माहीत होतं तेवढ्यावरच मी बोललो होतो, शेवटचं पान मी वाचलेलं नव्हतं, हे स्वतःला सांगायला आता शिकलोय. काही रात्री ते पटतं.

आणि तरीही त्या सात महिन्यांनंतर तिने एका जाड कादंबरीला नंबर लावला. पुन्हा वाचता येईल असं तिला एका दिवशी वाटलं होतं.

भाचीबद्दल थोडंसं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला काय सांगायचं यावर घरात खूप वाद झाले. हृदय बंद पडलं असं सांगावं, असं बहुतेकांचं मत होतं. मुलांना त्यांच्या वयाला कळेल अशा शब्दांत खरं सांगावं, नाहीतर पुढे ते दुसऱ्या कुणाकडून कळतं आणि मग घरच्यांवरचाच विश्वास उडतो, असं मी जिथे जिथे वाचलं तिथे तिथे होतं. भावोजींना मी ती पानं वाचायला दिली. शेवटी त्यांनीच तिला सांगितलं: आईला मनाचा आजार होता, त्या आजारात आईने स्वतःचा जीव दिला, आणि यात तुझी काहीच चूक नाही. तिने फक्त एवढंच विचारलं, “मी त्या दिवशी डबा विसरले होते, म्हणून नाही ना?” पुस्तकांत लिहिलं होतं की मुलं असं विचारतात. म्हणून भावोजी तयार होते. “नाही,” ते लगेच म्हणाले. तेवढ्या एका ‘नाही’साठी मी त्या लेखकांचा जन्मभर ऋणी आहे.

रात्री मी तिला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवतो. गेल्या वर्षी ती म्हणाली, आई तुला लहानपणी जे वाचून दाखवायची ते वाच. ते होतं ‘श्यामची आई’. ताई बारा वर्षांची आणि मी सहा वर्षांचा असताना ती मला रोज एक रात्र वाचून दाखवायची आणि रडायचा प्रसंग आला की आवाज मुद्दाम मोठा करायची. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं पुस्तक. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मुलं ते वाचून रडली आहेत. ११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी स्वतःचा जीव दिला, वयाच्या पन्नाशीत. हे मला मोठेपणी कुठेतरी ओझरतं कळलं होतं आणि मी ते बाजूला सारलं होतं. आता भाचीला वाचून दाखवताना ते सतत माझ्याबरोबर होतं. त्यांच्या त्या दिवसाबद्दल घराघरांत फारसं कुणी बोलत नाही, आणि ते न बोलणं मला बरोबर वाटत नाही. पण त्या दिवसामुळे कुणी पुस्तक बंदही केलं नाही. श्याम पायांना घाण लागू नये म्हणून हट्ट करतो तिथे भाची हसली. ताईही तिथेच हसायची. मनाला घाण लागू नये म्हणूनही तसाच जप रे, असं आई त्याला सांगते, ते वाचताना मी आवाज मोठा केला.

शब्द जुळवून बघायची एक सवय मला चिनी वंशाच्या लेखिका यियुन ली यांच्यामुळे लागली. २०१७ मध्ये त्यांचा मुलगा असाच गेला, सोळा वर्षांचा. २०१९ मध्ये ‘व्हेअर रीझन्स एंड’ ही कादंबरी आली, त्यात आई आणि गेलेला मुलगा नुसते बोलत राहतात, शब्दांवरून, विशेषणांवरून भांडतात. का गेलास, हे आई खोदून विचारत नाही. २०२४ मध्ये त्यांचा दुसरा मुलगाही तसाच गेला आणि २०२५ मध्ये त्यांनी त्याच्यासाठीही पुस्तक लिहिलं. त्याबद्दल मला काही बोलता येत नाही. मी ते जवळ ठेवलं आहे. तर तेव्हापासून मीही ताईशी वहीत बोलतो, आणि ती तिच्या पद्धतीने माझी वाक्यं दुरुस्त करते. “सारखं ‘असह्य’ काय लिहितोस,” म्हणते. “सहन करतोयस ना?”

तिने नंबर लावलेली कादंबरी मी नंतर विकत आणली. नाव सांगत नाही, ते आमचं आहे. वर्षभर ती कपाटात उभी होती, कणा माझ्याकडे करून. गेल्या महिन्यात एका रविवारी काढली. सवयीने शेवटची पानं अंगठ्याखाली दाबून धरली, मग अंगठा उचलला. आयुष्यात पहिल्यांदाच मी शेवटचं पान आधी वाचलं, ताईसाठी.

एका घराच्या ओट्यावर चार माणसं बसली होती. कुणीतरी कुणाला तरी विचारत होतं की ते पत्र मिळालं होतं का. एकजण हसला आणि एक बाई आत निघून गेली. मला त्यातलं एकही माणूस ओळखीचं नव्हतं. कसलं पत्र, तो का हसला, ती का उठली, काही कळेना. पान दोनदा वाचलं. मग उलटं फिरून पहिल्या पानावर आलो. त्या बाईचं नाव तिसऱ्याच ओळीत होतं, आणि तिथे ती आठ वर्षांची होती.